गोव्याहून फत्तेपूर सिक्रीस : इस्लाम व ख्रिस्ती धर्म यांच्या तुलनेचे एक जुने प्रकरण

डिचोली येथे नमाजगाह या नावाची एक जुनी वास्तू आहे. औरंगजेबाचा पुत्र शहजादा अकबर याने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती बांधविली, असे परंपरा सांगते. फोंड्याची साफा मशीद तिच्याहूनही शतकभर जुनी असून ती १५६० मध्ये आदिलशाही अमलात उभी राहिली. गोमंतकात पोर्तुगीजपूर्व अथवा त्या काळातील मुस्लिम प्रार्थनास्थळांचा शोध घेऊ लागल्यास तो आपणांस अशाच स्थळी, म्हणजे नव्या काबिजादींत, घेऊन जातो. तिसवाडी, बारदेश व साष्टी या जुन्या महालांत त्यांची परंपरा तुटली. आजचा मुरगाव तालुका तेव्हा साष्टीतच मोडत असे. डिचोली व सत्तरी हे प्रांत १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे आले. तोपर्यंत सोळाव्या शतकातील धर्मावेश ओसरला होता, आणि नव्या प्रजेच्या धर्माचारांत हात न घालण्याचे अभिवचन सरकारास द्यावे लागले होते.

ही गोष्ट आम्ही आरंभीच नमूद करतो, कारण दोन धर्मांच्या श्रद्धा व आचार यांची तुलना करणारा लेखक बहुधा आपण कोणत्या भूमीवर उभे आहोत हे विसरतो. ज्या गोव्यातून इस्लामशी ख्रिस्ती धर्माचा पहिला मोठा शास्त्रार्थ करण्यासाठी धर्मगुरू उत्तरेस गेले, त्या गोव्यात त्या काळी मशिदीस जागा नव्हती. आणि ज्या मुसलमान बादशहाकडे ते गेले, त्याने त्यांना आपल्या वाड्यात प्रार्थनामंदिर करून दिले.

सप्टेंबर १५७९ मध्ये अकबर बादशहाचा वकील गोव्यात दाखल झाला. शास्त्र जाणणारे दोन विद्वान धर्मगुरू, नियमशास्त्राचे व शुभवर्तमानाचे मुख्य ग्रंथ बरोबर देऊन, आपल्याकडे पाठवावेत अशी बादशहाची मागणी होती. विजरईस ही मागणी संशयास्पद वाटली, आणि त्यात नवल नव्हते. आठच वर्षांपूर्वी अली आदिलशहाच्या फौजेचा गोव्यास पडलेला वेढा लोकांच्या स्मरणात ताजा होता. ‘मूर’ म्हणजे नदीपलीकडचा शत्रू, एवढीच सामान्य ख्रिस्ती माणसाची इस्लामविषयीची समजूत होती. अखेर हा निर्णय महागुरूंच्या सभेवर सोपविण्यात आला आणि धर्मगुरू पाठवावेत असे ठरले.

येशूसंघाचे तिघे निवडले गेले. रूदोल्फ आक्वाव्हिवा हा इटलीतील एका उमराव घराण्यातला, जेमतेम एकोणतीस वर्षांचा, वर्षभरापूर्वीच गोव्यास येऊन संत पॉल महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकविणारा तरुण. अंतोनियो मोन्सेरात हा वयाने प्रौढ, सर्व काही टिपून ठेवण्याची सवय असलेला कातालान गृहस्थ. तिसरा फ्रान्सिस हेन्रिक. हा मूळचा होर्मुझचा, इस्लाममधून ख्रिस्ती झालेला आणि फारसी भाषा मातृभाषा म्हणून बोलणारा. इतिहासग्रंथांत पहिल्या दोघांची नावे ठळक असतात आणि हेन्रिक दुभाषी म्हणून एका वाक्यात येतो. आम्हांस हे न्याय्य वाटत नाही. पहिल्या महिन्यांत तिघांपैकी समोरच्याच्या भाषेत आणि त्याच्या श्रद्धेच्या आतून बोलू शकणारा तो एकच होता.

नोव्हेंबर १५७९ मध्ये हे पथक समुद्रमार्गे दमणकडे निघाले. तेथून सुरत, मांडू, ग्वाल्हेर असा प्रवास करून २८ फेब्रुवारी १५८० रोजी रूदोल्फ फत्तेपूर सिक्रीस पोहोचला. वाटेत आजारी पडलेला मोन्सेरात काही दिवस मागून आला. थोड्याच दिवसांत त्यांनी बादशहास अँटवर्प येथे छापलेल्या बहुभाषी बायबलचे खंड अर्पण केले. अकबराने पागोटे उतरवून एकेक खंड मस्तकी लावला, त्याचे चुंबन घेतले, आणि शुभवर्तमान यांतील कोणत्या खंडात आहे असे विचारून त्याचा विशेष आदर केला. हा प्रसंग आमच्या प्रवचनांतून अनेकदा सांगितला जातो. परंतु त्या बायबलमध्ये हिब्रू, ग्रीक, लॅटिन, अरामी व सुरियानी या भाषा होत्या. फारसी नव्हती, अरबीही नव्हती. ज्याचा इतका सन्मान झाला, तो ग्रंथ त्या दरबारात पाहुण्यांखेरीज कोणासही वाचता येण्यासारखा नव्हता.

वादविवाद इबादतखान्यात झाले. ही वास्तू अकबराने १५७५ मध्ये धर्मचर्चेसाठीच उभारली होती. पहिला वाद ग्रंथांवरच झाला. बायबल प्रमाण की कुराण प्रमाण, कोणाचा ग्रंथ शुद्ध राहिला आणि कोणाचा भ्रष्ट झाला, हा तो प्रश्न. मुस्लिम पंडितांची भूमिका आजही आपल्या परिचयाची आहे : तौरात, जबूर व इंजील हे ग्रंथ ईश्वरानेच उतरविले, मात्र त्यांच्या अनुयायांनी त्यांत फेरफार केले. आपल्या पाद्रींनी उलट कुराणावर टीका केली. दोन्ही पक्षांनी प्रमाणांचा ढीग घातला आणि दोघेही आपापल्या जागी स्थिर राहिले.

याच सभांतून अग्निपरीक्षेची ती सुप्रसिद्ध गोष्ट निघाली. एकाने कुराण हाती घ्यावे, दुसऱ्याने बायबल, दोघांनी अग्नीत प्रवेश करावा. जो वाचेल त्याचा धर्म खरा. ही सूचना कोणाची होती? येथे तीन समकालीन साक्षीदार आहेत आणि तिघे तीन गोष्टी सांगतात. अबुल फजल ‘अकबरनाम्या’त लिहितो की रूदोल्फ पाद्रीनेच हे आव्हान दिले आणि उलेमा कचरले. बदायुनी, जो कट्टर सुन्नी असून अबुल फजलाचा वैरी होता, लिहितो की आव्हान शेख कुतबुद्दीन नावाच्या एका फकिराने दिले आणि पाद्री मागे सरले. मोन्सेरात सांगतो की सूचना मुस्लिम पक्षाकडून आली, आणि रूदोल्फाने ती स्पष्टपणे नाकारली. कारण चमत्काराची मागणी करून देवाची परीक्षा पाहणे ख्रिस्ती माणसास निषिद्ध आहे.

आम्ही मोन्सेराताकडे झुकतो. तो आपल्या पक्षाचा आहे, हे त्याचे कारण नव्हे. त्याने जे लिहिले ते त्याच्या पक्षाला शोभा देणारे नाही. दरबारात नकार हा भित्रेपणाच ठरला असणार हे त्याला कळत होते, तरी त्याने तो लिहून ठेवला. बदायुनीचा वृत्तान्तही या बाबतीत त्याच्याशी जुळतो. फक्त ज्याला एक विवेक म्हणतो त्याला दुसरा भय म्हणतो. मंदिराच्या शिखरावर उभे राहून ‘खाली उडी टाक’ ही सूचना ऐकणाऱ्या प्रभूने जे केले, तेच रूदोल्फाने केले. अबुल फजलाचा वृत्तान्त त्याला अधिक गौरव देणारा असला, तरी आमच्या धर्मशिक्षकांनी तो सांगण्याचा मोह टाळावा.

तथापि या सगळ्या वादाच्या मुळाशी एक चूक होती, आणि ती उभय पक्षांची होती. दोघांनी ग्रंथासमोर ग्रंथ ठेवला. आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस विचारतो, की कुराणाची तुलना ख्रिस्ती धर्मातील कशाशी करावी? उत्तर बहुधा ‘बायबलशी’ असे येते. वस्तुतः मुस्लिम श्रद्धेत कुराण हे ईश्वराचे शब्दशः वचन आहे. महंमद पैगंबर त्याचे रचनाकार नव्हेत, ते केवळ पोहोचविणारे. ख्रिस्ती श्रद्धेत ईश्वराचे सनातन वचन म्हणजे ग्रंथ नव्हे, ते देहधारी झालेले ख्रिस्त होय. आणि बायबल हे पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने मनुष्यांनी लिहिलेली त्या वचनाची साक्ष होय. म्हणून मुसलमान ज्या जागी कुराण मानतो, त्या जागी आपण ख्रिस्त मानतो. हे न उमगल्यास काय होते ते पाहा. मुस्लिम श्रोत्याची कल्पना अशी असते की हजरत इसांस इंजील नावाचा एकच ग्रंथ प्राप्त झाला. त्याच्यापुढे आपण मत्तय, मार्क, लूक व योहान यांची चार पुस्तके ठेवतो, आणि त्याला वाटते की मूळ ग्रंथ हरवून चार माणसांची कथने उरली, हे तर तुम्हीच कबूल केले. त्याला यात लबाडी दिसत नाही. त्याचा आधीचा समज अधिकच पक्का होतो.

श्रद्धेच्या इतर अंगांतही साम्य आणि भेद असेच एकमेकांत गुंतलेले आहेत. कुराण इसांचा जन्म कुमारी मरियमेपासून झाला असे मानते, त्यांना मसीहा म्हणते, आणि मरियमेच्या नावाचा एक संपूर्ण अध्याय त्यात आहे. परंतु त्यांचे क्रूसावरील मरण ते नाकारते आणि त्यांचे ईश्वरपुत्रत्वही नाकारते. क्रूस गेला की प्रायश्चित्त गेले आणि पुनरुत्थानही गेले. हा भेद कोणत्याही सौजन्याने झाकता येणार नाही व झाकूही नये. पुत्रत्वाविषयी मात्र थोडे थांबावे लागते. अकबराची अडचण हीच होती, हे पाद्रींच्या पत्रव्यवहारावरून दिसते : त्रैक्य आणि देहधारण त्याच्या बुद्धीस पटेनात. कुराण जे नाकारते त्यात ईश्वराने अपत्य जन्मास घातले ही कल्पना आहे, आणि मरियमेस ईश्वराच्या जोडीस बसविणेही आहे. या दोन्ही कल्पना ख्रिस्तमंडळीनेही कधी मानल्या नाहीत. ३२५ च्या निकेया परिषदेने पुत्राविषयी जे ठरविले ते शारीरिक जन्माविषयी नव्हे. आपला शेजारी ज्याला ‘नाही’ म्हणतो, त्याला आपणही आधी ‘नाही’ म्हणावे. मग पुढचे बोलणे शक्य होते.

आचारांचा विचार करता दरबारात चित्रे हा विषय पुढे आला. पाद्रींनी रोममधील एका प्रसिद्ध मरियाचित्राची प्रतिकृती नेली होती. अकबराने त्या चित्रास प्रथम मुस्लिम रीतीने, मग गुडघे टेकून ख्रिस्ती रीतीने आणि शेवटी हिंदू पद्धतीने वंदन केले, असे येशूसंघाच्या वृत्तान्तांत आहे. पाद्रींना यात धर्मांतराची चाहूल लागली. उलेमांना मूर्तिपूजा दिसली. दोघांचाही अंदाज चुकला. उपवासाचेही असेच. रमजानचा रोजा आणि आपला उपवासकाळ यांची तुलना कठोरपणाच्या मापाने केली तर आपण हरणारच, आणि हरलेलेच बरे. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही न घेणारा बंदरातला हमाल पाहिला की आपल्या शुक्रवारच्या मासळीचा अभिमान धरवत नाही. परंतु रमजान हा कुराणाच्या अवतरणाचा महिना आहे, आणि उपवासकाळ ही क्रूसाकडे व रिकाम्या कबरेकडे जाणारी वाट आहे. पुन्हा तोच भेद : तेथे ग्रंथ, येथे व्यक्ती.

रूदोल्फ १५८३ मध्ये गोव्यास परतला. बादशहा ख्रिस्ती होणार नाही, याविषयी त्याचा भ्रम उरला नव्हता. निघताना त्याने द्रव्य घेतले नाही. दरबारात गुलामीत असलेले एक रशियन कुटुंब मुक्त करून बरोबर नेण्याची परवानगी तेवढी मागितली. पुढे काही महिन्यांतच, जुलै १५८३ मध्ये, साष्टीतील कुंकळ्ळी येथे तो चार सहकाऱ्यांसह मारला गेला. ख्रिस्तमंडळी त्यांस रक्तसाक्षी मानते. १८९३ मध्ये त्यांस धन्य घोषित करण्यात आले. त्या गावची देवळे पोर्तुगीज सैन्याने पाडली होती, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे. तीन वर्षे मुसलमान बादशहाच्या दरबारात त्याने कुराणावर टीका केली आणि केसालाही धक्का न लागता परतला. मरण आले ते पोर्तुगीज ध्वजाखालच्या भूमीत. तेथे शस्त्र आधी पोहोचले होते आणि संवाद मागून.

या प्रकरणातून काही शिकले गेले असेल तर ते भाषेविषयी. रूदोल्फ उत्तरेकडे निघण्याच्या तीनच आठवडे आधी, ऑक्टोबर १५७९ मध्ये, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय गोव्यास उतरला होता. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्याच्या ओव्यांनी साष्टीच्या ख्रिस्ती माणसास मराठीतून ख्रिस्तचरित्र दिले. उत्तरेतही तेच घडले. १५९५ मध्ये लाहोरास पोहोचलेल्या तिसऱ्या पथकाचा प्रमुख जेरोम झेवियर हा संत फ्रान्सिस झेवियर यांचा नातलग. त्याने फारसीचा कसून अभ्यास केला आणि १६०२ मध्ये ‘मिरात-उल-कुद्स’ हे फारसी ख्रिस्तचरित्र अकबरास अर्पण केले. एकाच गोव्याच्या मठातून, चौदा वर्षांच्या अंतराने, एक चरित्र बादशहासाठी व दुसरे गावकऱ्यांसाठी निघाले. दोन्ही ग्रंथांत वादापेक्षा कथा अधिक आहे. जेरोमने पुढे १६०९ मध्ये वादाचाही ग्रंथ रचला. त्याला इस्फहानहून खंडनग्रंथाने उत्तर आले. चरित्राची मात्र बादशहासाठी सचित्र प्रत तयार करण्यात आली.

फारसी चरित्राच्या रचनेत जेरोमला साहाय्य करणारा अब्दुस सत्तार लाहोरी हा मुस्लिम विद्वान होता. बादशहाच्या आज्ञेवरून तो पाद्रींकडून लॅटिन शिकला, आणि शुभवर्तमानातील प्रसंग फारसीत उतरविण्यासाठी त्यांच्याबरोबर बसला. इतके करूनही तो मुसलमानच राहिला. जहांगीराच्या रात्रीच्या सभांत त्याने त्याच पाद्रींविरुद्ध वाद घातला, आणि ते वाद स्वतःच लिहून ठेवले.