स्टॅनफील्ड, रॉबर्ट लॉर्न
(११ एप्रिल १९१४ – १६ डिसेंबर २००३). कॅनडातील प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते. जन्म ट्रुरो (नोव्हा स्कोशा) येथे, अंतर्वस्त्रे बनविणाऱ्या उद्योजक घराण्यात. १९५६ ते १९६७ या काळात ते नोव्हा स्कोशा प्रांताचे पंतप्रधान होते. १९६७ मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय नेतृत्वासाठी ते ओटावाला गेले. १९६८, १९७२ व १९७४ अशा तिन्ही निवडणुकांत लिबरल पक्षाचे पंतप्रधान पिअर ट्रूडो यांच्याकडून त्यांचा पराभव झाला. पैकी १९७२ मध्ये लिबरलांना १०९, तर त्यांच्या पक्षाला १०७ जागा मिळाल्या. १९७४ च्या प्रचारात त्यांनी महागाईवर वेतन व किमती गोठविण्याचा उपाय मांडला. ट्रूडोंनी त्याची खिल्ली उडविली आणि पुढच्याच वर्षी स्वतः वेतन-किंमत नियंत्रणे लादली. १९७६ मध्ये पक्षनेतेपदी स्टॅनफील्ड यांच्या जागी जो क्लार्क आले.