आधी ऐकावे, मग बोलावे

घराच्या भिंतीवरची वायफायची पेटी आता खेड्यापाड्यांतही नवलाची राहिलेली नाही. पण ती आली कुठून आणि करते काय, हे सांगायचं तर आमच्या निरगुडसरहून शेजारच्या जुन्नर तालुक्यात, खोडदला जावं लागेल.

खोडदला गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात एक मोठी रेडिओ दुर्बीण उभी केली. ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या. १४ मध्यभागी, १६ तीन दिशांच्या फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात. ही दुर्बीण बघत नाही, ऐकते. आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी ती टिपते. डोंगरांच्या आडोशाला रेडिओचा गोंगाट कमी, हे ही जागा निवडण्याचं एक कारण होतं.

वायफायचं एक मूळ अशाच ऐकण्यात आहे. १९७४ साली स्टीफन हॉकिंग यांनी मांडलं, की अगदी लहान कृष्णविवरं शेवटी स्फोट होऊन संपत असावीत. त्या स्फोटांच्या रेडिओलहरी शोधणाऱ्यांत जॉन ओ'सलिव्हन हे ऑस्ट्रेलियन संशोधक होते. स्फोट काही सापडले नाहीत. पण विस्कटलेल्या लहरींतून मूळ संदेश वेचण्याचं गणित हाताशी राहिलं. पुढे ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत त्यांच्यासमोर दुसराच प्रश्न आला. खोलीत बिनतारी संदेश भिंतींवर, कपाटांवर आपटतो, त्याचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. ओ'सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी उपाय काढला: एक वेगवान संदेश अनेक संथ प्रवाहांत वाटायचा आणि ते वेगवेगळ्या कंपनसंख्यांवर एकाच वेळी पाठवायचे. १९९६ साली त्यांना अमेरिकेत पेटंट मिळालं.

आता पेटीकडे येऊ. जुन्या मुशायऱ्यात शमा ज्याच्यापुढे, त्यानंच शेर म्हणायचा. वायफायच्या मैफलीत मुळात अशी शमा नव्हती. प्रत्येक मोबाइल आधी कानोसा घेतो; कुणी बोलत असेल तर थांबतो, शांतता झाली तरी आणखी क्षणभर थांबतो. हा क्षण प्रत्येकाचा वेगळा, म्हणून दोघं सहसा एकदम बोलत नाहीत. पेटीनं 'पोचलं' असं कळवलं नाही, तर तो पुन्हा पाठवतो. अलीकडच्या पेट्या मात्र स्वतःच पाळी ठरवून देऊ शकतात. शमा परत आली म्हणायची.

खरं तर त्या एका पेटीत दोन कामकरी असतात. एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे हवेतला निरोप घेऊन तारेला देणारा. दुसरा राउटर, म्हणजे पत्ता वाचून निरोप वाटेला लावणारा. मोठ्या वाड्याचा टपालाचा पत्ता एकच असावा, तसं सगळं घर सहसा एकाच पत्त्यानं बाहेर बोलतं. उत्तर आलं, की ते आतल्या कुणाचं, याची नोंद राउटर ठेवतो. लेकीचं पुस्तक आणि आजोबांचं भजन यांची अदलाबदल होत नाही ती त्यामुळे.

आणि खोडदला? तिथे थाळ्यांनी टिपलेलं सारं मध्यवर्ती इमारतीत येतं ते ऑप्टिकल फायबरच्या तारांतून. ऐकणाऱ्यानं हवेत आपला गोंगाट घालायचा नाही.

या शांततेची किंमत आम्हालाही मोजावी लागते. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा आखलेला मार्ग २०२४-२५मध्ये अडला, तो याच दुर्बिणीला अडथळा नको म्हणून. जुन्नर-आंबेगावात त्यावर नाराजी उमटली आणि ती समजण्यासारखी आहे. कांदा-टोमॅटो पिकवणाऱ्याला रेल्वे हवी, त्याच्या मुलांना रेंज हवी. हे मागणं गैर नाही. पण घरातली पेटी ज्या विद्येतून आली, तिला शांत जागा लागते. अशी शांतता काळ्या जमिनीसारखी असते. एकदा गेली, की पुन्हा तयार करता येत नाही. मार्ग काढताना दोन्ही बाजूंनी आधी ऐकून घ्यावं. एवढं तर घरातली पेटीही करते.