नंदुरबारची वाट आणि सिंह-मेष-चित्र

युरोपांतील पुनरुज्जीवनकालीन धर्मचित्रांचा नंदुरबारशीं काय संबंध, असें वाचक विचारतील. हा संबंध वाटेचा आहे. आईन-इ-अकबरींत माळवा सुभ्यांतील एक सरकार म्हणून नोंदलेलें हें ठाणें सुरत-बऱ्हाणपूर मार्गावर होतें. नोव्हेंबर १६१५ मध्यें इंग्रज वकील टॉमस रो याच वाटेनें गेला. पुढें १६१६ सालीं अजमेरास जहांगिराच्या चिताऱ्यांनीं त्याच्याजवळील लघुचित्राच्या इतक्या हुबेहूब नकला केल्या कीं, दिव्याच्या उजेडांत मूळ निवडतांना त्यास सायास पडले.

ही विद्या मात्र त्यापूर्वींची होय. मार्च १५८० मध्यें गोव्याच्या जेझुइट पाद्र्यांनीं फत्तेपूर शिक्रीस अकबरास अँटवर्पचें आठ खंडांचें बहुभाषी बायबल नजर केलें. त्याच्या मुखपृष्ठावर कमानीखालीं सिंह, वृषभ, लांडगा व कोंकरूं एकत्र चरतात. धर्मराज्यांतील सलोख्याची ही खूण. अबुल हसन यानें इ. स. १६००-०१ मध्यें, तेराव्या वर्षीं, ड्यूररच्या १५११ च्या क्रूसारोहणांतील संत योहानाची आकृति उतरविली. क्रूस मात्र वगळला. आकृति घ्यावी, प्रसंग सोडावा, ही रीत येथेंच दिसते.

त्याच अबुल हसनाच्या सुमारें १६१८ च्या चित्रांत जहांगीर शाह अब्बासास आलिंगन देतो. दोघे पृथ्वीगोलावर उभे असून जहांगिराच्या पायाखालीं सिंह, शाहाच्या पायाखालीं मेष आहे. मागें सूर्य-चंद्रांचें तेजोवलय बालदेवदूत तोलून धरितात. वरकरणी सलोखाच, परंतु सिंह इराणच्या भूमीवर पसरून मेषास पश्चिमेकडे रेटीत आहे! चिन्ह तेंच, मांडणी बदलली, म्हणून अर्थ उलटला.

कोणी म्हणेल, वाघ-शेळी एका घाटावर पाणी पितात ही सुराज्याची कल्पना आमच्याकडेही आहे, व फारसी वाङ्मयांतही ती जुनीच आहे. हें आम्हांस मान्य आहे. म्हणूनच केवळ पशूंवरून परकी उगम ठरवूं नये. गोल, देवदूत व मांडणी हीं एकत्र आढळलीं, तरच तसें अनुमान करावें.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, खानदेशांतील जुन्या दप्तरांत देवदूतांचें वा प्रभावलयाचें सुटें पान मिळाल्यास तें परकी म्हणून टाकूं नये, व चौकटींत बसविण्यासाठीं त्याचा हाशिया कापूं नये. चित्राच्या प्रवासाची साक्ष पुष्कळदां हाशियावरच असते. ती एकदां गेली म्हणजे पुन्हा मिळत नाहीं.