मिशिगनच्या नकाशावरचं आयर्लंड

८ मार्च १८४३ रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या विधिमंडळाने एक कायदा करून सोळा काउंट्यांची नावं एका फटक्यात बदलली. त्यातली पाच थेट आयर्लंडहून आणलेली होती. ॲन्ट्रिम, वेक्सफर्ड, क्लेअर आणि रॉसकॉमन या आयर्लंडमधल्याच चार काउंट्या. पाचवं नाव एमेट, म्हणजे १८०३ साली डब्लिनमध्ये फाशी गेलेला क्रांतिकारक रॉबर्ट एमेट. ज्या मुलखाला ही नावं दिली तो राज्याच्या उत्तरेकडचा, गर्द जंगलाचा. तिथे आयरिश सोडाच, गोरी वस्तीच जेमतेम होती. मग आयर्लंड तिथे पोचलं कसं?

मिशिगनमध्ये याचं एक ठरलेलं उत्तर आहे. मॅकिनॉ बेटावर चार्ल्स ओ'मॅली नावाचा आयरिश पुढारी होता आणि सरकारचा 'इंडियन एजंट', म्हणजे मूळनिवासी जमातींशी व्यवहार पाहणारा अधिकारी, हेन्री स्कूलक्राफ्ट याच्याशी त्याचं हाडवैर होतं. स्कूलक्राफ्टने हौसेने ठेवलेली इंडियन नावं ओ'मॅलीने पुसायला लावली आणि वर आपल्या मायदेशाची नावं डकवली, असं सांगतात. गोष्ट चटकदार आहे. माझ्या मते ती टिकणारी नाही. तसं मला वाटायला लागलं ते स्कूलक्राफ्टच्या सासऱ्यामुळे. पण त्याच्याकडे येण्याआधी या काउंट्या मुळात कशा जन्मल्या ते थोडक्यात.

पहिली काउंटी वेन. १७९६ साली ती काढली तेव्हा मिशिगन हे राज्य सोडा, स्वतंत्र प्रदेशही नव्हतं. पुढे गव्हर्नर लुईस कॅसने दक्षिणेकडून एकेक तुकडा पाडायला घेतला. १८२९ साली तर थेट राष्ट्राध्यक्ष जॅक्सनचं मंत्रिमंडळच नकाशावर उतरवलं: कॅलहून, व्हॅन ब्युरेन, ईटन, इंगहॅम, ब्रँच, बॅरी, बेरियन. खुद्द जॅक्सनच्या नावाचीही एक काउंटी झाली. राज्याचा दर्जा वॉशिंग्टनकडून मिळायचा होता, त्यामुळे हा मस्का कुणाला लावला ते उघड आहे. दोन वर्षांत ते मंत्रिमंडळ मोडलं, नावं राहिली. १८३७ मध्ये मिशिगन राज्य झालं. आज तिथे ८३ काउंट्या आहेत.

यातल्या बऱ्याचशा चौकोनी दिसतात याचं कारण मोजणीत आहे. सरकारी मोजणीदार सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे चौकोन पाडत जायचे. त्याला टाउनशिप म्हणत. चार बाय चार अशा सोळा टाउनशिप जोडल्या की चोवीस मैलांची चौरस काउंटी कागदावर तयार. माणसं नंतर आली तरी चालायचं. तोवर तिला कोर्टकचेरीसाठी आणि कर भरण्यासाठी शेजारच्या काउंटीला जोडून ठेवत. कॅलकास्का काउंटीची हद्द १८४० साली आखली. तिचा स्वतःचा कारभार सुरू व्हायला १८७१ उजाडलं. ऑस्कोडा काउंटी तर १८८१ पर्यंत ताटकळली. अशा रिकाम्या चौकोनाला नाव द्यायचं तर विचारायचं कुणाला? ज्याच्या हातात यादी, त्याचीच मर्जी. उत्तरेकडची यादी स्कूलक्राफ्टच्या हातात होती.

हा माणूस १८२२ मध्ये सू सेंट मरी इथे इंडियन एजंट म्हणून आला. खनिजशास्त्राचा जाणकार, कविता करणारा, भाषांचा नादी. काही वर्षं तो प्रदेशाच्या विधान परिषदेवरही होता. १८३६ च्या वॉशिंग्टन तहात ओडावा आणि ओजिब्वे या मूळनिवासी जमातींकडून सुमारे १ कोटी ३८ लाख एकर जमीन सरकारकडे गेली. आजच्या राज्याचा हा एक तृतीयांशाहून मोठा भाग. तो तह घडवून आणला स्कूलक्राफ्टनेच. १८४० साली त्याच मुलखाच्या काउंट्या पाडल्या आणि त्यांना नावं दिली ती बहुतेक तिथल्याच सरदारांची: मीगिसी म्हणजे गरुड, मिकेनॉक म्हणजे कासव, ॲनामिकी म्हणजे मेघगर्जना. जमीन घेतली आणि मोबदल्यात नकाशावर नाव दिलं, असा हा व्यवहार. १८४३ च्या कायद्याने तोही मोडला.

स्कूलक्राफ्टला दुसराही एक नाद होता, आणि तो जास्त मजेदार आहे. तो इंडियन वाटतील अशी नावं घडवायचा. १८३२ मध्ये ओझाविंडिब या ओजिब्वे सरदाराने त्याला मिसिसिपी नदीच्या उगमाचं तळं दाखवलं. स्कूलक्राफ्टने बरोबरच्या बूटवेल या मिशनऱ्याकडून 'खरा उगम' याला लॅटिन शब्द घेतले: वेरिटास कापुट. पुढचा 'वेर' छाटला, मागचा 'पुट' छाटला, उरलं 'इटास्का'. आजही कुणी ऐकलं तर हे नाव शंभर पिढ्या ओजिब्वेंच्या तोंडी असेल असंच वाटतं.

हेच यंत्र मिशिगनमध्ये जोरात चाललं. ॲरनॅकमध्ये वाळूसाठीचा लॅटिन 'अरेना' आणि जागेसाठीचा ओजिब्वे 'अकी' यांची गाठ मारलेली आहे. अल्पिनामध्ये अरबी 'अल' आणि तित्तिर पक्ष्याच्या ओजिब्वे नावाचा तुकडा. अल्कोना म्हणजे म्हणे 'सुंदर मैदान'. त्यातही पहिला 'अल' अरबीच. ऑस्कोडा हे दगडगोटे आणि माळरान या दोन ओजिब्वे शब्दांचं कडबोळं. लेक ह्युरॉनच्या काठी अरबी उपपद कशाला, असं त्याला कुणी विचारलं नसावं. जोडकाम उघडं पाडायला एक सोपी कसोटी आहे: ओजिब्वे भाषेत 'ल' आणि 'र' हे उच्चारच नाहीत. अल्पिना, अल्कोना, टस्कोला, लीलनॉ, ॲरनॅक ही सगळी नावं या कसोटीवर तिथल्या तिथे नापास होतात.

आता कॅलकास्का. जुनी माहिती सांगते की हा ओजिब्वे शब्द असून त्याचा अर्थ 'सपाट' किंवा 'जळालेला मुलूख'. पण त्यात 'ल' ठाण मांडून बसलाय, म्हणजे ही वाट बंद. दुसरा तर्क मला पटतो. हे नाव आधी 'क' ऐवजी इंग्रजी 'सी' वापरून लिहीत, आणि स्कूलक्राफ्टच्या घराण्याचं मूळ आडनाव होतं कॅलक्राफ्ट. हा नुसता कुळाचा तपशील नाही. कवितांसाठी त्याने टोपणनाव घेतलं तेही 'हेन्री रो कोलक्राफ्ट'. म्हणजे जुनं आडनाव त्याच्या डोक्यात घोळत होतं. पहिल्या 'कॅल'मध्ये तो स्वतः आहे. मधल्या 'कास'मध्ये कोण? इथे मी माझी भर घालतो: लुईस कॅस, त्याचा जुना वरिष्ठ आणि पाठीराखा. १८२० च्या मोहिमेत त्याला बरोबर नेणारा कॅसच, आणि एजंटाची नेमणूक झाली तीही कॅसच्या काळात. शेवटचा 'का' तर इटास्कापासून हाताशी होताच. कॅल, कॅस, का: नकाशावर दोन दोस्तांची सही. यावर कुणी म्हणेल की अशी फोड कशाचीही करता येते. खरं आहे. पण लॅटिन शब्दाचं डोकं आणि शेपूट उडवून नदीचा उगम बनवणाऱ्या माणसाबद्दल असा संशय घेणं अवाजवी नाही.

नकाशावर घरची माणसं घालायची त्याला सवयच होती. त्याची बायको जेन जॉन्स्टन हिचं ओजिब्वे नाव बामेवावागेझिकाक्वे. इंग्रजीत आणि ओजिब्वेत लिहिणारी ही कवयित्री. स्कूलक्राफ्टने १८२६-२७ मध्ये हाताने लिहून एक नियतकालिक काढलं, त्यात ती 'लीलिनॉ' या नावाने लिहायची. लीलनॉ काउंटी १८४० मध्ये झाली. आयोस्को हे नाव त्याने आपल्या पुस्तकातल्या एका कथानायकाला दिलं होतं. १८४३ मध्ये त्याचीही काउंटी झाली.

आता सासरा. जेनची आई वाबोजीग या ओजिब्वे सरदाराची मुलगी. वडील जॉन जॉन्स्टन हे फरचे व्यापारी, आयर्लंडहून आलेले. त्यांचं मूळ घर ॲन्ट्रिम काउंटीत. १८०९ मध्ये ते छोट्या जेनला घेऊन आयर्लंडला गेले तेव्हा ती काही काळ नातेवाइकांकडे राहिली. कुठे? वेक्सफर्डला. जेन वारली मे १८४२ मध्ये, कॅनडातल्या डंडास इथे. त्यानंतर दहा महिन्यांच्या आत मिशिगनच्या नकाशावर ॲन्ट्रिम आणि वेक्सफर्ड उमटले.

हे जुळताना दिसलं आणि ओ'मॅलीची गोष्ट माझ्या मनातून उतरली. मग त्याच कायद्यातली बाकीची नावं पाहिली. आयरिश पाचांबरोबर त्याच कलमांत अल्पिना, अल्कोना, आयोस्को आणि कॅलकास्का आहेत, म्हणजे स्कूलक्राफ्टच्या टांकसाळीतली चार नाणी. त्याला खिजवायला केलेल्या कायद्यात त्याचाच माल? पुढचा पुरावा याहून भारी. दुसऱ्या दिवशी, ९ मार्च १८४३ रोजी, त्याच विधिमंडळाने उत्तरेच्या द्वीपकल्पात नव्या काउंट्या पाडल्या आणि त्यातल्या एकीला नाव दिलं स्कूलक्राफ्ट. आदल्या दिवशी नाक कापायचं आणि दुसऱ्या दिवशी फेटा बांधायचा, असं कुठलं वैर असतं?

आयरिश वस्तीने नावं आणली हा तर्क तर आणखी लवकर पडतो. मिशिगनच्या उत्तरेत आयरिश लोकांचा ठसठशीत जमाव झाला तो बीव्हर बेटावर, तोही १८५६ नंतर, आणि त्यातले बरेचसे डोनेगॉलकडचे. मिशिगनमध्ये डोनेगॉल नावाची काउंटी नाही.

खरी टक्कर देतो तो तिसरा तर्क, राजकारणाचा. १८४३ हे आयरिश पुढारी डॅनियल ओ'कॉनेलने 'रिपीलचं वर्ष' म्हणून जाहीर केलेलं साल. इंग्लंडशी झालेलं एकीकरण रद्द करा, या मागणीसाठी आयर्लंडमध्ये प्रचंड सभा होत होत्या आणि अमेरिकेतल्या शहरांत मदतीच्या संस्था निघाल्या होत्या. या चष्म्यातून यादी पाहा. ॲन्ट्रिम आणि वेक्सफर्ड ही इंग्रजांविरुद्धच्या १७९८ च्या उठावाची दोन मोठी ठाणी. एमेट १८०३ च्या उठावाचा नायक. क्लेअरमधून १८२८ मध्ये ओ'कॉनेल स्वतः निवडून आला होता. पाचातली चार नावं अशी चोख बसतात. शिवाय चार काउंट्या चार वेगळ्या प्रांतांतल्या: ॲन्ट्रिम अल्स्टरमधली, वेक्सफर्ड लीन्स्टरमधली, क्लेअर मन्स्टरमधली, रॉसकॉमन कॉनॉटमधली. प्रत्येक प्रांतातून एक, असं कुणीतरी नकाशा समोर ठेवून मोजून निवडलेलं आहे.

मी हा तर्क झटकून टाकत नाही. एमेट आणि क्लेअर त्याला देऊन टाकतो. पण प्रांतांचा हिशोब माझ्याही कामाचा आहे. अल्स्टरमध्ये नऊ काउंट्या, लीन्स्टरमध्ये बारा. प्रत्येक प्रांतातून डोळे मिटून एक उचलली तर नेमकं जेनच्या वडिलांचं गाव आणि तिचं आजोळासारखं ठिकाण दोन्ही हाती लागण्याची शक्यता १०८ मध्ये एक. माझे टीकाकार म्हणतील, बाण मारून झाल्यावर भोवती वर्तुळ काढतोयस, आणि १७९८ चा विचार करणाऱ्याने डोळे मिटून उचललं नव्हतंच. मुद्दा रास्त आहे. माझ्या बाजूने कागद नाही, योगायोगांची रांग आहे. आणि १८४१ मध्ये पद गेल्यावर स्कूलक्राफ्ट न्यूयॉर्कला गेला होता, हेही माझ्या विरोधात जातं.

तरी माझी मांडणी अशी: यादी एका माणसाची नाही. आयरिश स्वातंत्र्याबद्दल जिव्हाळा असलेल्या आमदारांना चार प्रांतांची नावं हवी होती. स्कूलक्राफ्टचा शब्द चालत होता, नाहीतर त्याची चार नावं त्याच कायद्यात आली नसती. अल्स्टर आणि लीन्स्टरमधून काय घ्यायचं हे सुचवायला त्याच्यापाशी घरचं कारण होतं, आणि आमदारांपाशी तीच दोन नावं मान्य करायला १७९८ चं कारण होतं. रॉसकॉमन मात्र ना त्यांच्या चौकटीत बसतं ना माझ्या. कॉनॉटमधून काहीतरी घ्यायचं म्हणून ते घेतलं, एवढंच.

या सगळ्या वादात ज्यांची नावं गेली त्यांचं काय, हा प्रश्न कोणताच तर्क विचारत नाही. ॲन्ट्रिमच्या जागी मीगिसी होतं, वेक्सफर्डच्या जागी कॉटावॉबेट, रॉसकॉमनच्या जागी मिकेनॉक, अल्पिनाच्या जागी ॲनामिकी. ही ओजिब्वे भाषेतली अस्सल नावं होती. ती काढून जी ठेवली त्यातली काही आयर्लंडची आणि काही ओजिब्वे माणसाला उच्चारताही न येणारी नकली ओजिब्वे. ओ'मॅली असो, ओ'कॉनेल असो की जेनची आठवण असो, १८४३ च्या कायद्याचा हिशोब मांडताना पहिली ओळ या सरदारांच्या खात्यावर लिहायला हवी.