शेतीची किंमत

शेतीचा शोध लागला, माणूस एका जागी स्थिरावला आणि सुखी झाला, असे आपण वर्गात सहज सांगून जातो. सीरियातील अबू हुरेराचे अवशेष वेगळीच हकीकत सांगतात. युफ्रेटिसकाठची ही जागा धरणाच्या पाण्याखाली जाण्यापूर्वी, १९७२-७३ मध्ये, तेथे उत्खनन झाले.

सुमारे १३,००० वर्षांपूर्वी तेथे शिकार करणारे, रानधान्य वेचणारे लोक घरे बांधून राहत होते. म्हणजे वस्ती आधी, शेती नंतर!

रानगव्हाची ओंबी पिकली की दाणे गळून पडतात. कापणीत हाती जास्त लागत ते न गळणाऱ्या ओंब्यांचे दाणे, आणि तेच पुन्हा पेरले जात. अशा नकळत निवडीतून लागवडीचा गहू घडला.

पण शेतीच्या काळातील सांगाडे पाहा. विशेषतः स्त्रियांच्या पायाच्या अंगठ्याचे सांधे झिजलेले, गुडघ्यांवर आणि कंबरेच्या मणक्यांवर ताणाच्या खुणा. रोज तासन्‌तास गुडघे टेकून दगडी पाट्यावर धान्य दळल्याचा हा परिणाम.

मग लोक शिकारीकडे का परतले नाहीत? तेवढ्याच जमिनीतून आता अधिक तोंडे भरत होती. वाढलेल्या वस्तीला नुसत्या रानावर जगणे शक्य नव्हते. पुढे पश्चिम आशियातील शहरे अशाच साठवलेल्या धान्यावर उभी राहिली.

मुलांना विचारून पाहा: धान्य वाढले, पण श्रम कोणाच्या वाट्याला आले?