डेंग्यू : रुग्णाचा पुढील धोका सांगणाऱ्या रक्तातील खुणा

मयूर विहार, दिल्ली : डेंग्यूच्या रुग्णाची प्रकृती पुढे कोणते वळण घेईल, हे खात्रीने सांगणारी एकही चाचणी आज उपलब्ध नाही. मात्र रक्तातील काही जैविक निदर्शकांचे, म्हणजेच बायोमार्करचे, ठरावीक अंतराने घेतलेले आकडे एकत्र वाचल्यास धोक्याची पूर्वसूचना मिळू शकते. सर्वसामान्यांचे लक्ष त्यांपैकी प्लेटलेट या एकाच आकड्यावर खिळलेले असते. त्याच अहवालातील दुसरा, अधिक मोलाचा आकडा बहुधा दुर्लक्षित राहतो.

पार्श्वभूमी

यमुनेच्या पूर्व तीरावरील मयूर विहारच्या तिन्ही फेजमध्ये, राजधानीच्या अन्य भागांप्रमाणेच, पावसाळा ओसरू लागताच डेंग्यूचा हंगाम सुरू होतो. कूलर, उघड्या टाक्या आणि कुंड्यांखालील ताटल्या यांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात एडिस इजिप्ती जातीच्या डासांची पैदास होते. फेज दोनलगत खिचडीपूर येथे दिल्ली सरकारचे लाल बहादूर शास्त्री रुग्णालय आहे.

१९९६ साली दिल्लीत आलेल्या साथीत १०,२५२ रुग्णांची नोंद झाली आणि ४२३ जणांचा मृत्यू झाला. २०१५ मध्ये रुग्णसंख्या १५,८६७ वर पोहोचली. मृतांची नोंद ६० होती. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्ली सरकारने खासगी प्रयोगशाळांसाठी डेंग्यूच्या चाचणीला ६०० रुपये आणि प्लेटलेट चाचणीला ५० रुपये अशी कमाल दरमर्यादा घालून दिली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, तीव्र डेंग्यूमध्ये योग्य उपचार न मिळाल्यास मृत्यूचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. वेळेवर उपचार मिळाल्यास ते एक टक्क्याखाली राहते. या विषाणूवर अद्याप विशिष्ट औषध नाही. त्यामुळे धोक्यातील रुग्ण वेळीच ओळखणे आणि शरीरातील द्रवाचा तोल सांभाळणे, यावरच उपचारांची सारी भिस्त आहे.

निदान वेगळे, भाकीत वेगळे

जैविक निदर्शकांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. रोग आहे की नाही हे सांगणारे निदानाचे निदर्शक, आणि रोग पुढे कसा वाढेल याचा अंदाज देणारे भाकिताचे निदर्शक. डेंग्यूमध्ये एनएस१ हे विषाणूचे प्रथिन आजाराच्या पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत रक्तात सापडते. पाचव्या दिवसाच्या सुमारास आयजीएम ही प्रतिपिंडे दिसू लागतात. या दोन्ही चाचण्यांचा नेहमीचा अहवाल केवळ 'आहे' किंवा 'नाही' एवढेच सांगतो. 'आहे' असा अहवाल आल्यावर रुग्ण घरी बरा होईल की त्याला अतिदक्षता विभागात न्यावे लागेल, याचे उत्तर त्यात नसते.

प्लेटलेटची मर्यादा

निरोगी व्यक्तीच्या रक्तात प्रति घनमिलिमीटर साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. डेंग्यूमध्ये अस्थिमज्जेतील निर्मिती मंदावल्याने आणि रोगप्रतिकारक प्रक्रियेत त्या नष्ट होत असल्याने ही संख्या झपाट्याने घटते. बहुतांश रुग्णांमध्ये ती काही दिवसांत आपोआप वाढते. पपईच्या पानांचा रस किंवा बकरीचे दूध यांना दिले जाणारे श्रेय अनेकदा या नैसर्गिक वाढीचे असते.

कमी संख्या पाहून केवळ खबरदारी म्हणून प्लेटलेट चढवल्याने लाभ होतो का, याची चाचणी सिंगापूर व मलेशियात घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्लेटलेट २० हजार किंवा त्याहून कमी असलेल्या, परंतु लक्षणीय रक्तस्राव नसलेल्या ३७२ प्रौढ रुग्णांचा तीत समावेश होता. प्लेटलेट चढवल्याने रक्तस्राव टळला नाही; उलट त्या गटात दुष्परिणाम अधिक आढळले. भारताच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसारही, रक्तस्राव नसल्यास ही संख्या १० हजारांखाली गेल्यावरच प्लेटलेट देण्याचा विचार करावयाचा असतो.

हेमॅटोक्रिट : दुर्लक्षित आकडा

तीव्र डेंग्यूमधील मुख्य धोका रक्तवाहिन्यांच्या गळतीचा असतो. वाहिन्यांच्या भिंती सैल होऊन रक्तातील द्रव भाग छातीच्या व पोटाच्या पोकळीत झिरपतो. पेशी मात्र आतच राहतात. परिणामी रक्त दाट होते, रक्तदाब कोसळतो आणि रुग्ण 'शॉक'च्या अवस्थेत जातो.

हा दाटपणा हेमॅटोक्रिट या आकड्यावरून कळतो. रक्ताच्या एकूण आकारमानात तांबड्या पेशींनी किती टक्के जागा व्यापली आहे, ते हा आकडा सांगतो. त्यासाठी वेगळी चाचणी लागत नाही. 'सीबीसी' या नेहमीच्या रक्ततपासणीच्या अहवालात तो 'एचसीटी' किंवा 'पीसीव्ही' या नावाने छापलेला असतो. प्लेटलेट वेगाने घटत असताना हेमॅटोक्रिट वाढणे, ही जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये निश्चित केलेल्या धोक्याच्या लक्षणांपैकी एक आहे. मूळ पातळीपेक्षा २० टक्के वाढ ही द्रवगळतीची ठळक खूण मानली जाते.

'सामान्य' आकड्यातील धोका

येथे भारतीय रुग्णांच्या बाबतीत विशेष सावधगिरी आवश्यक ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार, देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा स्त्रीचा मूळ हेमॅटोक्रिट ३० असेल आणि आजारात तो ३६ झाला, तर ही वाढ नेमकी २० टक्के होते. परंतु स्त्रियांसाठी ३६ हा आकडा प्रयोगशाळेच्या सामान्य मर्यादेत बसत असल्याने अहवालावर धोक्याची कोणतीही खूण उमटत नाही. म्हणूनच तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत केलेली तपासणी महत्त्वाची असते. पुढील आकड्यांची तुलना तिच्याशी करता येते.

हेमॅटोक्रिट उतरणे हेदेखील दोन अर्थांचे असू शकते. प्रकृती सुधारत असताना झिरपलेला द्रव रक्तात परततो आणि आकडा खाली येतो. मात्र नाडी जलद व क्षीण असताना तो उतरला, तर अंतर्गत रक्तस्रावाची शंका घ्यावी लागते. सारांश, रुग्णाची तपासणी केल्याशिवाय या आकड्याचा अर्थ लागत नाही.

संशोधनाची दिशा

आजाराच्या सुरुवातीलाच धोका ओळखण्यासाठी अन्य निदर्शकांचा शोध सुरू आहे. एनएस१ केवळ विषाणूची खूण नसून ते स्वतःच रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करते, असे २०१५ मधील संशोधनातून पुढे आले. श्रीलंकेतील रुग्णांवर झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 'कायमेज' या विकराचे प्रमाण उपयुक्त निदर्शक ठरले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय अभ्यासाने फेरिटिन, सीआरपी यांसह दहा निदर्शक एकत्रितपणे तपासले.

दुसऱ्यांदा होणारा डेंग्यूच घातक असतो, हा समजही आता तपासला जात आहे. दिल्लीतील आंतरराष्ट्रीय जनुक अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्राच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०२४ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातील तीन रुग्णालयांमधील ६१९ बालरुग्णांच्या या अभ्यासात, आजार तीव्र झालेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक जणांना डेंग्यूची लागण प्रथमच झाली होती. 'पहिलीच वेळ आहे' म्हणून निर्धास्त राहणे त्यामुळे योग्य नाही.

नातेवाइकांनी काय लक्षात ठेवावे

सर्वाधिक धोक्याचा काळ ताप उतरल्यानंतरचा, साधारण २४ ते ४८ तासांचा असतो. आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान तो येतो. नेमक्या याच वेळी रुग्ण बरा झाला असे समजून तपासण्या थांबवल्या जातात.

पोटात तीव्र वेदना, वारंवार उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येणे, ग्लानी किंवा अस्वस्थता यांपैकी काहीही दिसल्यास अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घ्यावे. अॅस्पिरिन व आयब्युप्रोफेन टाळावे. प्रत्येक सीबीसी अहवाल तारीख व वेळेसह जपून ठेवावा, आणि प्लेटलेट किती झाल्या हे विचारताना हेमॅटोक्रिट काल किती होता व आज किती आहे, हेही डॉक्टरांना विचारावे.