घेराचा उलटा प्रवास

नवरात्र जवळ आले, की नांदेड जिल्ह्यातील देगलूरच्या कापडबाजारात सुरतेकडचे जाळीचे घेरदार घागरे दाराबाहेर टांगलेले दिसू लागतात, आणि दांडियाच्या रात्रींसाठी ते खरेदी करणाऱ्या मुली हल्ली शिंप्याला एक प्रश्न हमखास विचारतात: हाच घागरा पुढे महाविद्यालयात, लग्नघरी, बाजारहाटाला घालता येईल काय? वडीलधाऱ्यांना हा प्रश्न उथळ वाटतो. मला तो तसा वाटत नाही. कारण गेल्या दोनशे वर्षांत युरोपात नर्तकीचा पोशाख रंगमंचावरून रस्त्यावर उतरला आणि आपल्या या मुलखात, नेमका त्याच्या उलट, रस्त्यावरचा पोशाख रंगमंचावर जाऊन बसला, आणि या दोन विरुद्ध प्रवासांची गाठ देगलूरच्या बाजारात पडावी, ही वस्त्रांच्या इतिहासातील एक मनोरंजक घटना आहे.

घेर ही या भूमीची पुरातन मिरासदारी नव्हे, हे आधी मान्य केले पाहिजे. देगलूर तालुक्यातील होट्टल येथे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील जी मंदिरे आहेत, त्यांच्या भिंतींवरील सुरसुंदरींकडे पाहावे. कटीवस्त्र अंगाला इतके लगटलेले, की मेखलेच्या लोंबत्या सरी नसत्या तर पाषाणात वस्त्र आहे की नाही असा संशय यावा; चुण्या नाहीत, कळ्या नाहीत, झालर नाही. शिल्पकाराला नृत्य दाखवायचे होते ते देहाच्या वळणांतून, कापडाच्या फुगीरपणातून नव्हे. पॅरिसमध्ये १८८१ साली एद्गार दगा या कलावंताने चौदा वर्षांच्या नर्तिकेची मेणाची मूर्ती प्रदर्शनात मांडली, तेव्हा तिच्या कमरेला त्याने खऱ्या जाळीचा घागरा बांधला होता. दगडातून वस्त्र अदृश्य करणारा एक आणि मेणाला खरे वस्त्र घालणारा दुसरा. माझा कौल, अर्थातच, होट्टलच्या अनामिकाकडे आहे.

या प्रदेशात घेर आणला तो मुख्यतः बंजाऱ्यांनी. उत्तरेकडून दख्खनेत उतरलेल्या फौजांना धान्य आणि मीठ पुरविणारे हे लोक हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तांड्यातांड्यांनी फिरत. मोगलांच्या स्वाऱ्यांत ते होते आणि १८०३ साली असईच्या मोहिमेत इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या सैन्याचा दाणागोटाही बऱ्याच अंशी त्यांच्याच बैलांवर अवलंबून होता. तांड्यातील स्त्री बैलांबरोबर चाले, तळ पडला की चूल मांडी, पहाटे पुन्हा चालू लागे. आणि या अखंड चालण्यासाठी तिने जे वस्त्र अंगीकारले तो फेटिया: जाड सुती कापडाचा, भरपूर चुण्यांचा, गडद तांबड्या वा निळ्या रंगाचा, कमरेशी नक्षीचा पट्टा आणि खालच्या काठाला दुसऱ्या रंगाची भक्कम पट्टी असलेला. वर आरशांच्या भिंगांची कांचळी, डोक्यावर टुकरी, केसांत चोटला आणि घुगरी, हातभर बलिया. काठाच्या पट्टीला शोभेइतकेच उपयोगाचे प्रयोजन असते: झिजतो तो काठ, आणि वजन मिळते तेही काठालाच, म्हणून वाऱ्यात फेटिया उडत नाही आणि काट्याकुट्यांत चटकन फाटत नाही. चालताना पाय मोकळा राहतो. तीज सणाच्या वेळी किंवा होळीला लेंगी गीते म्हणत स्त्रिया फेर धरतात तेव्हा हाच घेर डोळ्यांत भरतो खरा, परंतु तो नाचासाठी निर्माण झालेला नाही. चालणाऱ्या बाईचे ते वस्त्र आहे. नाच हा त्याचा फावल्या वेळचा धर्म.

सन १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरीच्या खोऱ्यातील लोहमार्ग नांदेडवरून सुरू झाला, आणि बैलांच्या पाठीवरील व्यापाराची, जी आधीच खालावत चालली होती, अखेर झाली. तांडे मुखेड, किनवट, देगलूरच्या आसपासच्या माळांवर स्थिरावले. शेतमजुरी आली, तरी फेटिया राहिला.

गावातील घरांत घेर होता तो मुलींच्या परकराच्या रूपाने. लहानगीला चिरडी, जरा मोठी झाल्यावर परकर-पोलके, आणि लग्नानंतर नऊवारी लुगडे, हा क्रम मराठी घरांत ठरलेला. खणाचे पोलके आणि चिटाचा अथवा सणासुदीला रेशमी काठांचा परकर. देगलूरचे वैशिष्ट्य असे, की येथे शेजारच्या तेलुगू घरची मुलगी लंगा-ओणीत आणि कानडी घरची लंगा-दावणीत वावरे, म्हणजे भाषा तीन आणि घेर एकच. तालुक्याच्या हद्दी मात्र इतक्या सलोख्याच्या नव्हत्या: १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला, तेव्हा देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे गेली. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या मुलींचे परकर त्यामुळे बदलले नाहीत. महसुली दप्तरे बदलली. तत्पूर्वी देगलूर हैदराबाद संस्थानात होते, आणि संस्थानात बाहेरून येणाऱ्या मालावर करोडगिरी भरावी लागे, शेकडा पाच. मुंबईच्या पेठेतील चीट येथे पोहोचेपर्यंत सरकारी शिक्का खाऊन महाग झालेले असे.

मग शाळांबरोबर फ्रॉक आला, लुगड्याच्या जागी गोल पातळ आले, आणि परकराची विलक्षण अवनती झाली. जे मुलीचे दर्शनी वस्त्र होते ते स्त्रीच्या पातळाखाली दडले. नऊवारीला त्याची गरजच नव्हती; पाचवारीला नाडी लागली, म्हणून परकराला अज्ञातवासाची नोकरी मिळाली.

आता युरोपची बाजू. जाळीचे कापड पूर्वी हाताने विणले जाई व फार महाग असे. जॉन हीथकोट या इंग्रजाने १८०८-०९ मध्ये ते यंत्रावर विणण्याची हक्कपत्रे मिळविली. १८१६ साली लफबरो येथील त्याच्या कारखान्यातील पंचावन्न यंत्रे यंत्रविरोधी कारागिरांनी एका रात्रीत फोडली, तेव्हा तो सगळा संसार उचलून डेव्हन परगण्यात टिव्हर्टनला गेला. जाळी स्वस्त झाली. १२ मार्च १८३२ रोजी पॅरिसच्या ऑपेरागृहात 'ला सिल्फीद' या नृत्यनाट्यात मारी तालिओनी घोट्यावर संपणारा शुभ्र, तलम, घंटाकृती घागरा घालून आली, आणि अप्सरेचा भास निर्माण करण्यासाठी हलके, थरावर थर असलेले कापडच हवे, हे कायमचे ठरून गेले. त्या हलकेपणाची किंमत भयंकर होती. वायूच्या दिव्यांनी उजळलेल्या रंगमंचावर १८६२ साली तालीम चालू असता एमा लिव्री या तरुण नर्तकीच्या घागऱ्याने पेट घेतला. पुढल्या वर्षी ती वारली. रंगमंचाबाहेर, फेब्रुवारी १९४७ मध्ये ख्रिस्तियाँ दिओर या पोशाखकाराने पॅरिसात घेरदार वस्त्रांची नवी तऱ्हा मांडली. पुढे नायलॉनची जाळी आली, घेराला आधार देणारे तिचे थर खाली दडलेले होते ते हळूहळू उघड झाले, आणि नर्तकीचा घागरा साध्या सदऱ्याखाली घालून शहरातील मुली कामाला जाऊ लागल्या. परकर आत गेला. जाळी बाहेर आली.

देगलूरकडे याच अवधीत काय झाले? तांड्यातील तरुण स्त्रिया साडी नेसू लागल्या, मुली शाळेच्या गणवेशात गेल्या, आणि फेटिया वृद्धांच्या अंगावर उरला. इकडे शाळांच्या स्नेहसंमेलनांत मात्र 'बंजारा नृत्य' हा हुकमी कार्यक्रम होऊन बसला, ज्यात चमकीच्या कृत्रिम कापडाचे, दोन आठवड्यांपुरते शिवलेले घागरे घालून मुली चार मिनिटे गिरक्या घेतात. ज्या वस्त्राने शेकडो कोस तुडविले, ते ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले. मला हे खटकते. तांड्यातील एखाद्या आजीलाही कदाचित ते खटकत असेल, कदाचित टाळ्यांनी ती सुखावतही असेल.

म्हणून जाळीचा घागरा रोज घालू इच्छिणाऱ्या मुलीला माझे सांगणे एवढेच, की तिने पॅरिसकडे न पाहता माळावरच्या फेटियाकडे पाहावे. वैशाखात येथे पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा आतले अस्तर पातळ सुती हवे, कृत्रिम नव्हे. जाळीचे थर दोन पुरेत, आणि घेर फुगविण्यासाठी दुकानदार आत जो ताठ 'कॅनकॅन' शिवून देतात तो शिंप्याकडून निमूटपणे काढून घ्यावा. लांबी पोटरीपर्यंतच ठेवावी, कारण जाळीला कुसळे लागतात, आणि मोटारसायकलच्या चाकाशी तिचे वैर तर जीवघेणे आहे. काठाला सुती खणाची चार बोटे पट्टी लावावी, म्हणजे वजनही येईल आणि काठही टिकेल. वर साधा सुती सदरा अथवा खणाचे पोलके असावे, चमकी नसावी. एवढे केल्यावर तो घागरा नाचातला राहणार नाही, चालण्याचा होईल. आणि ज्यांच्या घरी आजीचा फेटिया ट्रंकेत असेल त्यांनी तो संमेलनाला उसना देण्यापूर्वी त्याची शिवण एखाद्या शिंप्याला उलगडून दाखवावी, एवढी विनंती आहे.